महापालिकेच्या दवाखान्यांत त्वचा तपासण्याचे भिंग हवे : नवी मुंबईच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त आणि मा. वैद्यकीय आरोग्य अधिकारी,
नवी मुंबई महानगरपालिका, सी.बी.डी. बेलापूर.

विषय : त्वचेच्या कर्करोगाच्या लवकर निदानासाठी नागरी आरोग्य केंद्रांत डर्मोस्कोप व त्याचे प्रशिक्षण उपलब्ध करून देण्याबाबत.

महोदय,

त्वचेला छेद न देता तिच्या आतले थर पाहू देणारी उपकरणे गेल्या काही दशकांत बरीच पुढे गेली आहेत. त्यांतले सर्वांत साधे उपकरण म्हणजे हातात मावणारे भिंग, डर्मोस्कोप. तो आपल्या प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात असावा आणि तो वापरायला रीतसर शिकलेला निदान एक डॉक्टर तेथे असावा, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. हिस्टोपॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करून मी निवृत्त झाले. शस्त्रक्रियेत काढलेला मांसाचा तुकडा फॉर्मेलिनमधून येतो, त्याचा मेणात ठोकळा होतो, मायक्रोटोमवर काही मायक्रॉन जाडीचे काप निघतात आणि रंगवलेली काच डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली जाते, या सगळ्या कामात माझी नोकरी गेली. रोगाचे अखेरचे नाव त्या काचेवरच ठरते आणि यापुढेही ठरेल. परंतु कोणता तुकडा काढायचा आणि केव्हा काढायचा, हे ठरवणारी नजर रुग्णाच्या घराजवळच्या दवाखान्यात असावी लागते, आणि आज ती तेथे नाही.

त्वचेचा कर्करोग आपल्याकडे कमी आढळतो, हे आधीच स्पष्ट करते, कारण लोकांना घाबरवून काही साधत नाही. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांना बऱ्याच अंशी अडवते. युरोपीय वंशाच्या लोकांत, विशेषतः ऑस्ट्रेलियात, हा रोग ज्या प्रमाणात दिसतो त्याच्या जवळपासही आपण नाही. म्हणूनच ३० वर्षांवरील नागरिकांसाठी सरकारची जी तपासणी मोहीम आहे तिच्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत, त्वचेचा नाही, आणि या प्राधान्यक्रमाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या कमी प्रमाणातून निघालेल्या निष्काळजीची. रोग क्वचित दिसतो म्हणून तो कोणाच्या मनात येत नाही, मनात येत नाही म्हणून उशिरा ओळखला जातो, आणि उशीर झाला की जो रोग छोट्या शस्त्रक्रियेने पूर्ण बरा झाला असता तो जीव घेतो.

मेलानोमा या सर्वांत घातक प्रकाराबाबत हा उशीर मिलिमीटरमध्ये मोजता येतो. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकी रोगनिदानतज्ज्ञाने १९७० मध्ये असे दाखवून दिले की गाठ त्वचेत किती खोल उतरली आहे, यावर रुग्णाचे भवितव्य फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. आजही जाडीच्या मोजपट्टीवर १ मिलिमीटरपर्यंतची गाठ पहिल्या पायरीची आणि ४ मिलिमीटरपेक्षा जाड गाठ शेवटच्या पायरीची मानली जाते. आमच्या प्रयोगशाळेत आलेला तळपायाचा एक तुकडा मी विसरू शकत नाही. सोबतच्या कागदावर कुरूप असे लिहिले होते. आधी कुठल्या तरी दवाखान्यात कुरुपावरची पट्टी लावून झाली होती, मग कोणीतरी ते ब्लेडने तासले होते, आणि जखम भरेना म्हणून शेवटी ते काढले गेले. काचेवर जो मेलानोमा दिसला तो ४ मिलिमीटरच्या बराच पलीकडे गेलेला होता. त्या बाईंच्या तळपायावरचा काळा डाग पहिल्या भेटीत भिंगातून कोणी पाहिला असता, तर तो कुरूप म्हणून तासला गेला नसता, असे मला आजही ठामपणे वाटते.

आपल्याकडचा मेलानोमा प्रामुख्याने कोठे होतो, हे येथे नीट लक्षात घ्यावे लागेल. गोऱ्या लोकांत तो उन्हात भाजलेल्या पाठीवर वा पायांवर होतो. सावळ्या त्वचेत त्याची आवडीची जागा म्हणजे तळपाय, तळहात आणि नखाखालचा भाग, जेथे ऊन फारसे पोहोचतच नाही. प्रसिद्ध गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये याच प्रकारच्या, पायाच्या अंगठ्यातून सुरू झालेल्या मेलानोमाने गेले. म्हणून आपल्या शहरात या विषयावर काही करायचे तर ते सनस्क्रीनच्या जाहिरातीसारखे असून चालणार नाही. रुग्णाला चप्पल काढायला सांगणे, ही त्याची पहिली पायरी आहे.

आता या भिंगाविषयी. नुसत्या डोळ्यांनी तीळ पाहताना बराचसा प्रकाश त्वचेच्या वरच्या कोरड्या थरावरून परत फिरतो आणि त्या चकाकीमुळे आतले काही दिसत नाही. डर्मोस्कोपमध्ये जेल आणि काच लावून, किंवा ध्रुवीकरणाच्या गाळण्या वापरून, ही चकाकी काढून टाकली जाते आणि साधारण १० पट मोठे चित्र दिसते. मग रंगावरून खोली कळू लागते. मेलॅनिन अगदी वरच्या थरात असेल तर काळे, त्याखाली असेल तर तपकिरी, आणि आणखी खोल असेल तर राखाडी किंवा निळसर दिसते. यात सुई नाही, भूल नाही, किरणोत्सर्ग नाही. तपासायला मिनिटभर लागते, आणि मोबाइलला जोडून त्याच वेळी छायाचित्रही घेता येते.

तळपायाच्या बाबतीत या उपकरणाचा उपयोग सर्वांत जास्त आहे, आणि त्याचे श्रेय जपानी त्वचारोगतज्ज्ञांना द्यायला हवे. त्यांच्याकडेही मेलानोमा बहुतकरून हातापायांवरच होत असल्याने त्यांनी या जागेचा बारकाईने अभ्यास केला. तळव्याची त्वचा भिंगातून नांगरलेल्या शेतासारखी दिसते, एकाआड एक सरी आणि वरंबे. वरंब्यांवर घामाच्या ग्रंथींची तोंडे पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगेत दिसतात, त्यामुळे वरंबा कोणता आणि सरी कोणती हे ओळखता येते. साध्या, निरुपद्रवी तिळात रंग बहुधा सरीत साठतो आणि बारीक समांतर रेघा दिसतात. मेलानोमाच्या आरंभीच्या अवस्थेत रंग वरंब्यांवर जाड पट्ट्यांनी पसरतो. तोशियाकी सैदा आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या दुसऱ्या आकृतिबंधाची संवेदनक्षमता, म्हणजे खरा मेलानोमा पकडण्याचे प्रमाण, सुमारे ८६ टक्के आणि विशिष्टता, म्हणजे निरुपद्रवी डागाला निरुपद्रवीच ठरवण्याचे प्रमाण, सुमारे ९९ टक्के आढळली. दोन्ही आकृतिबंध स्पष्ट नसतील आणि डाग ७ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर बायोप्सी करावी, असा सोपा नियमही त्याच अभ्यासपरंपरेतून आला. एवढे ज्ञान आपल्या कोणत्याही एमबीबीएस डॉक्टरला नक्कीच आत्मसात करता येईल.

मात्र प्रशिक्षणाशिवाय हे भिंग कपाटात ठेवण्याच्याच लायकीचे ठरेल, हे मी मुद्दाम लिहिते, कारण सरकारी खरेदीत यंत्र येते आणि शिक्षण राहून जाते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. २००२ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आलेल्या आढाव्याने दाखवले की सराव असलेल्या डॉक्टरांचे निदान डर्मोस्कोपमुळे लक्षणीय सुधारते, सराव नसलेल्यांचे सुधारत नाही. शिवाय सावळ्या त्वचेचे स्वतःचे चकवे आहेत. निरोगी तळव्यावरही वरंब्यांवर थोडा रंग असू शकतो. केसांना लावायच्या कलपाचा डाग तळहातावर पडला तर तोही वरंब्यांवरच बसतो आणि क्षणभर भीती दाखवतो. नखातील उभी काळी रेघ आपल्यापैकी अनेकांना असते आणि ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, विशेषतः ती एकाहून अधिक नखांत असेल तेव्हा. एकाच नखातील रेघ रुंद होत चालली असेल आणि काळेपणा नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला असेल, तर मात्र थांबायचे नाही. हे सर्व पुस्तकातून शिकता येत नाही, शेकडो चित्रे पाहूनच शिकता येते. म्हणून खरेदीच्या प्रस्तावातच प्रशिक्षणाची तरतूद असावी.

तळपायानंतर चेहरा. बेसल सेल कार्सिनोमा हा हळू वाढणारा, क्वचितच अन्यत्र पसरणारा कर्करोग आपल्या लोकांत बहुधा काळसर रंगाचा असतो आणि म्हणून तो तीळ किंवा चामखीळ समजला जातो. नाकाच्या कडेला वा डोळ्याखाली असा ठिपका आला की पुष्कळ जण तो पार्लरमध्ये किंवा वैदूकडे जाळून घेतात. वरचा भाग जातो, मूळ राहते, आणि पुढे ते नाकाची वा पापणीची कड पोखरत राहते. डर्मोस्कोपखाली याच गाठीत झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्या आणि निळसर-राखाडी गोलके दिसतात. चामखीळ जाळण्यापूर्वी ती आपल्या दवाखान्यात दाखवा, एवढा एक फलक केंद्राबाहेर लागला, तरी काही चेहरे वाचतील.

या रोगाची काही कारणे तर अगदी आपल्या राहणीतली आहेत. २०२४ मध्ये बीएमजे केस रिपोर्ट्समध्ये वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी दोन वयस्कर महिलांची माहिती प्रसिद्ध केली. परकराची नाडी वर्षानुवर्षे कमरेवर एकाच जागी घट्ट बांधल्याने झालेल्या न भरणाऱ्या जखमेत त्यांना कर्करोग झाला होता. जुन्या भाजल्याच्या व्रणावरही असाच कर्करोग अनेक वर्षांनी होऊ शकतो, आणि टीटीसीच्या (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यात भाजल्याचे व्रण अंगावर बाळगणारे कामगार थोडे नाहीत. अशा जखमांत भिंगापेक्षा वेळेवर केलेली बायोप्सी महत्त्वाची, म्हणून येथे अधिक लिहीत नाही.

उन्हाकडे वळते, कारण तेथे महापालिकेचे उत्तरदायित्व केवळ आरोग्यसेवेचे नाही, मालकाचेही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्येच सूर्यकिरणांना माणसातील कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून पहिल्या गटात ठेवले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी संयुक्तपणे जाहीर केले की मेलानोमा वगळता इतर त्वचा-कर्करोगांनी होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश मृत्यू उन्हात काम केल्यामुळे होतात, आणि २०१९ मध्ये जगात सुमारे १६० कोटी लोक कामाच्या निमित्ताने अतिनील किरणांना सामोरे गेले. आपले शहर सुमारे १९ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो आणि त्या सुमारास दुपारचा अतिनील निर्देशांक ११ च्या वर, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवरील सर्वांत तीव्र गटात जातो. संरक्षण घ्यावे अशी शिफारस त्याच मोजपट्टीवर ३ पासून सुरू होते.

या उन्हात कोण उभे असते, हे आपण मुख्यालयातून निघून पाम बीच मार्गाने वाशीपर्यंत गेलात तरी दिसेल. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरा क्रमांक मिळवून देणारे सफाई कामगार, उद्यानांतील माळी, चौकांतील वाहतूक पोलीस, तुर्भे आणि कोपरखैरणे येथील नाका कामगार, दिवाळे, करावे, सारसोळे आणि घणसोली येथील कोळी बांधव, आणि उघड्यावर मासळी निवडत व विकत बसणाऱ्या कोळी भगिनी. एनएमएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या बसगाड्यांच्या, चालकांचा विचार तर कोणी करतच नाही. अतिनील किरणांतील लांब लहरींचा भाग काचेतूनही आत येतो. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने एका मालवाहू गाडीच्या चालकाचे छायाचित्र छापले होते. २८ वर्षे गाडी चालवल्यावर त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजव्या बाजूपेक्षा कितीतरी म्हातारी, जाड आणि सुरकुतलेली झाली होती. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा येथे उजवा गाल, उजवा कान आणि उजवा हात पाहावा लागेल. सावळ्या त्वचेत ही हानी कर्करोगापेक्षा अधिक वेळा काळे डाग, वांग आणि जाड, कोरड्या कातडीच्या रूपाने दिसते. तिची वर्षातून एकदा एकाच पद्धतीने छायाचित्रे घेतली, तर बदल वेळीच कळू शकतो. महापालिकेच्या कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी होते त्यात त्वचेचा एक रकाना वाढवणे फार खर्चाचे काम नाही. त्याबरोबर रुंद काठाची टोपी आणि लांब बाह्यांचा गणवेश हवा. आज दिलेली कडक काठाची छोटी टोपी कान आणि मान मुळीच झाकत नाही.

येथवर वाचून कोणी विचारेल की एवढेच का मागता, याहून प्रगत यंत्रे आहेत, तीच का घेऊ नयेत. ती आहेत, आणि प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला त्यांचे अप्रूप वाटल्याशिवाय राहत नाही. कन्फोकल मायक्रोस्कोप हा ८३० नॅनोमीटरचा मंद लेसर त्वचेवर टाकून पेशीपेशीचे चित्र जिवंत माणसाच्या अंगावरच दाखवतो. आम्ही मेणाच्या ठोकळ्यातून उभे काप घेत असू, हा आडवे थर दाखवतो, आणि मेलॅनिन त्यात तेजस्वी दिसते. पण तो सुमारे पाव मिलिमीटरपर्यंतच पोहोचतो. तळपायाचा वरचा निर्जीव थरच इतका जाड असतो की त्याखाली नीट पाहणे या यंत्राला कठीण जाते. म्हणजे आपल्या लोकांना जेथे सर्वांत धोका आहे तेथेच हे महागडे यंत्र कमी पडते. दुसरे तंत्र ओसीटी, म्हणजे प्रकाशाने घेतलेली सोनोग्राफीच. डोळ्यांच्या दवाखान्यांत ते नित्याचे झाले आहे. त्वचेत ते १ ते २ मिलिमीटर खोल जाते, त्यामुळे बेसल सेल कार्सिनोमा किती खोल आहे किंवा शस्त्रक्रियेविना केलेल्या उपचाराने तो गेला की नाही हे पाहायला ते चांगले. परंतु एकेका पेशीचा तपशील त्यात कन्फोकलइतका येत नाही. अशी यंत्रे संशोधन करणाऱ्या संस्थांत असावीत, आणि खारघरला टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोगाच्या उपचार व संशोधनाचे केंद्र आपल्या शेजारीच आहे. महापालिकेने त्यांच्याशी संशयित रुग्ण पाठवण्याचा, बायोप्सीचा आणि छायाचित्रांवर सल्ला घेण्याचा लेखी करार करावा. कोट्यवधींचे यंत्र वाशीच्या रुग्णालयात आणून त्याचे उद्घाटन करण्यापेक्षा अशा कराराने अधिक रुग्णांचे भले होईल.

मोबाइलवर फोटो काढून कर्करोग सांगणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीही आता आपल्याला विकायला येतील. त्या बहुतांशी गोऱ्या त्वचेच्या चित्रांवर शिकवलेल्या असतात. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी वेगवेगळ्या रंगांच्या त्वचेची चित्रे देऊन अशा प्रणाली तपासल्या तेव्हा गडद त्वचेवर त्यांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. तेव्हा विकत घेण्यापूर्वी, आपल्यासारख्या त्वचेवर आणि विशेषतः तळव्यांवर ती प्रणाली कोठे व कोणी तपासली, याचे कागद मागावेत. उलट आपल्या केंद्रांत जमणारी छायाचित्रे, ठरावीक अंतरावरून, ठरावीक प्रकाशात, शेजारी मोजपट्टी ठेवून घेतली आणि बायोप्सीच्या निकालाशी जोडली, तर काही वर्षांत सावळ्या त्वचेचा मोलाचा संग्रह येथेच उभा राहील. तो डॉक्टरांच्या खासगी व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र साठू नये. रुग्णाची लेखी संमती आणि २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे जपणूक, दोन्ही पहिल्या दिवसापासून हवीत.

याच अनुषंगाने मॉलमध्ये आणि पार्लरमध्ये अतिनील प्रकाशाचा कॅमेरा लावून तुमच्या त्वचेची उन्हाने झालेली हानी दाखवतो असे सांगणाऱ्यांकडेही आपल्या विभागाने पाहावे. तो कॅमेरा वरच्या थरातील रंगाची असमान वाटणी दाखवतो. कर्करोग आहे की नाही हे तो सांगत नाही, पण काळ्या डागांचे ते चित्र पाहून घाबरलेले तरुण महागडी क्रीम घेऊन बाहेर पडतात.

अंमलबजावणीसाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत आशाताई घरोघरी जाऊन त्वचेवरचे चट्टे आधीच पाहतात. त्यांना तळपायावरचा वाढता काळा डाग आणि महिनाभरात न भरलेली जखम या दोन गोष्टी विचारायला शिकवावे. मधुमेहींच्या पायांची तपासणी आपल्या केंद्रांत व्हायलाच हवी. ज्या खुर्चीवर ती होते त्याच खुर्चीशेजारी हे भिंग ठेवावे, कारण पायाच्या बोटाजवळचा मेलानोमा मधुमेही जखम म्हणून महिनोन्‌महिने पट्ट्या बांधून घेत राहिल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. गोरीपान, रंगद्रव्यहीन त्वचा जन्मतः घेऊन आलेल्या नागरिकांची आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यांची वेगळी नोंद ठेवावी, कारण या दोन गटांना उन्हापासून खरोखर मोठा धोका असतो आणि त्यांना दरवर्षी बोलावून तपासले पाहिजे. एका डर्मोस्कोपची किंमत दर्जाप्रमाणे काही हजारांपासून लाख-दीड लाखांपर्यंत असते. महापालिकेच्या अर्थसंकल्पात ही रक्कम शोधावी लागणार नाही.

सर्व केंद्रांत एकदम शक्य नसेल, तर वाशी, नेरूळ आणि ऐरोली येथील रुग्णालयांत आणि त्यांच्याबरोबर तुर्भे व करावे परिसरातील केंद्रांत आधी सुरुवात करावी. पहिल्या वर्षी किती तळपाय पाहिले, किती बायोप्सी झाल्या आणि गाठ किती मिलिमीटरची असताना सापडली, हे आकडे नावाशिवाय जाहीर करावेत. पुढील अर्थसंकल्पात या खरेदीचे आणि प्रशिक्षणाचे शीर्ष घेतले जाणार आहे की नाही, याचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. प्रशिक्षणाच्या वेळी जुन्या काचा दाखवून समजावण्यासाठी कोणी हवे असेल, तर मी विनामोबदला येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
नेरूळ, नवी मुंबई.